'लिहिणे' : एका क्रियापदाचा अर्थविकास आणि अंबाजोगाईची पासोडी

प्रस्तावना :
क्रियापदाच्या मूळ अर्थात त्या क्रियेच्या प्राचीन साधनांची स्मृती टिकून राहते. प्रस्तुत लेखात 'लिहिणे' या क्रियापदाचा विचार बीड जिल्ह्यातील लेखनसाधनांच्या संदर्भात केला आहे.

व्युत्पत्ती व अर्थ :
संस्कृत 'लिख्' धातूचा मूळ अर्थ ओरखडणे, रेघ ओढणे असा आहे. प्राकृतात 'ख'चा 'ह' होऊन 'लिहइ' व त्यावरून मराठी 'लिहिणे' सिद्ध झाले. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातील अशोकाच्या गिरनार लेखात 'लेखापिता' म्हणजे 'लिहविली' हे प्रयोजक रूप आढळते. तेथे लिहविणे म्हणजे प्रत्यक्षात दगडावर कोरविणेच होय. पुढे मराठीने या क्रियेसाठी 'कोरणे', 'खोदणे' ही क्रियापदे रूढ केली आणि 'लिहिणे' शाईकडे वळले. तथापि 'विधिलिखित', 'सटवाईचा लेख' या प्रयोगांत पुसता न येणाऱ्या अक्षराची जुनी कल्पना शिल्लक आहे.

चिनी भाषेशी तुलना येथे उद्बोधक ठरते. 'शू' या प्राचीन क्रियापदाच्या चिन्हात कुंचला धरलेला हात असून खालचा घटक उच्चारसूचक आहे. आज रूढ असलेल्या 'श्ये' या क्रियापदाचा अर्थ इ.स. १०० च्या सुमाराच्या 'शुओवन' कोशात वस्तू ठेवणे असा दिला आहे. नक्कल करणे, लिहिणे हे अर्थ नंतरचे. चिनी चिन्हात कुंचला दिसतो, तर मराठी धातूत ओरखडा ऐकू येतो.

अंबाजोगाईचा पुरावा :
अंबाजोगाईत हे दोन्ही टप्पे एकत्र आढळतात. यादव नृपती सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याच्या काळातील, तेराव्या शतकातील शिलालेख येथे आहेत. याच नगरीत दासोपंतांनी (१५५१–१६१५) सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद कापडावर 'पंचीकरण' हा वेदान्तविषय आकृत्यांसह लिहिला. तीच 'पासोडी' होय. शिळा वाचकाला आपल्यापाशी बोलावते. पासोडी मात्र घडी घालून वाचकापाशी नेता येते. लेखन राजाज्ञेकडून अध्यापनाकडे कसे सरकले, हे यातून दिसते.

निष्कर्ष :
मराठवाड्याचा इतिहास केवळ शिलालेख व ताम्रपट यांवर आधारल्यास 'लिहिणे'चा अर्धाच अर्थ हाती येतो. दगड उपेक्षा काही काळ सोसतो. कापड व कागद सोसत नाहीत. म्हणून मठांतील व घराघरांतील हस्तलिखितांची नोंद करण्याचे काम या परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी एकत्रितपणे हाती घेणे अगत्याचे आहे.