मूळ गाणे कोणाचे? : कार्डिफच्या 'बजी'ची हकिकत

१९९८ मध्ये 'मेटॅलिका' या अमेरिकी बँडचा 'गॅरेज इंक.' हा दुहेरी संच निघाला. त्यातली सगळी गाणी दुसऱ्यांची होती. ज्यांना ऐकून या मंडळींचा हात बसला, त्यांना केलेला तो एक नमस्कारच म्हणावा लागेल. एका मित्राने आणून दिलेल्या त्या संचातला बारीक टाइपाचा कागद वाचताना दोन गाण्यांपाशी मला तीच तीन आडनावे दिसली : शेली, बूर्ज, फिलिप्स. ती दोन्ही गाणी मी तोवर मेटॅलिकाचीच समजत होतो. माझा शोध तिथून सुरू झाला आणि थेट वेल्सच्या राजधानीत, कार्डिफमध्ये जाऊन पोहोचला.

कार्डिफ हे कोळशावर वाढलेले बंदर. दऱ्याखोऱ्यांतल्या खाणींचा कोळसा इथून जगभर जाई. अशा गावातून निघालेले कर्कश, जड संगीत म्हटले की त्यात खाणीचा घणघणाट ऐकू येतो असे लिहिण्याचा मोह होतो. मी तो टाळतो, कारण या बँडचा स्वभाव तसा नाही. १९६७ मध्ये जमलेल्या या मुलांनी पुढे स्वतःला 'सिक्स टन बजी' म्हणवून घेतले, म्हणजे सहा टन वजनाचा बजी! आपल्याकडे पक्षीवाले ज्याला सर्रास 'लव्हबर्ड' म्हणून विकतात, तो हा इवलासा पोपट. पुढे वजन गळाले आणि नुसता 'बजी' उरला. कान फाटतील असे वाजवायचे आणि नाव मात्र पिंजऱ्यातल्या पाखराचे घ्यायचे, हा खट्याळपणा त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

बर्क शेली बास गिटार वाजवी आणि गाई, टोनी बूर्ज गिटारवर असे आणि रे फिलिप्स ड्रम्सवर. तिघांचाच संच असल्यामुळे बासला मागे राहून चालत नसे. चष्मा लावलेल्या शेलीचा आवाज उंच आणि धारदार होता. खाली जड, ठाशीव सुरावट चालू असताना तो वरून चिरत जातो. १९७१ चा पहिला अल्बम रॉजर बेनने निर्माण केला. 'ब्लॅक सॅबथ'चे पहिले तीन अल्बम घडवणारा हाच माणूस. ध्वनिमुद्रण झाले वेल्समध्येच, मॉनमथजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत. वॉर्ड बंधूंनी आपल्या दुभत्या गाईगुरांच्या शेतावर हा स्टुडिओ उभारला होता. कलावंतांनी तिथेच राहावे, जेवावे आणि मनाला येईल तेव्हा वाजवावे, अशी सोय होती. 'क्वीन'च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चे काही काम पुढे इथेच झाले. म्हणजे बजीला लंडनपर्यंत जावे लागले नाही. त्यांची प्रयोगशाळा घराजवळच होती.

तिसरा अल्बम 'नेव्हर टर्न युवर बॅक ऑन अ फ्रेंड' १९७३ चा. त्याचे मुखपृष्ठ 'येस'च्या अल्बमांमुळे गाजलेल्या रॉजर डीनचे. 'ब्रेडफॅन' हे गाणे त्यातलेच पहिले. बूर्जची गिटार सुरुवातीलाच अशी सुटते की थांबवणे अशक्य वाटावे. मग मध्येच सगळे शांत, जवळजवळ हळुवार होते आणि पुन्हा तीच धाव सुरू होते. १९७३ मध्ये हा वेग सर्वसामान्य नव्हता. पुढे दहा वर्षांनी 'थ्रॅश' म्हणून जे ओळखले गेले, त्याची चाहूल इथे लागते, असे माझे मत आहे.

मग ते मोठे का झाले नाहीत? केवळ दुर्दैव म्हणून सोडून देणे मला पटत नाही. १९७१ ते १९७६ त्यांनी दरवर्षी एक अल्बम दिला. १९७४ चा 'इन फॉर द किल!' ब्रिटनच्या यादीत २९ व्या क्रमांकावर पोहोचला, आणि त्यापुढे ते कधीच गेले नाहीत. फिलिप्स त्याआधीच बाहेर पडला होता. १९७६ च्या अल्बमचे नाव ब्रिटिश देशभक्तिगीतावरची कोटी होते. त्याच सुमारास लंडनमध्ये पंकची हवा सुरू झाली. १९७८ मध्ये बूर्जही गेला. अमेरिकेत त्यांना जीव लावला तो टेक्सासने, विशेषतः सॅन अँटोनियोच्या रेडिओमुळे; बाकी देशाला त्यांचा पत्ता नव्हता.

१९८० च्या सुमारास नव्या दमाच्या ब्रिटिश मेटलची लाट आली, तेव्हा शेलीने नवा गिटारवादक घेऊन सूर आणखी कडक केला. १९८२ च्या रीडिंग महोत्सवात शुक्रवारचा शेवटचा, मानाचा कार्यक्रम बजीचा होता. दुसऱ्या दिवशी त्याच जागी 'आयर्न मेडन' उभे राहिले. त्याच वर्षी बजी पोलंडला गेले. तिथे तेव्हा लष्करी कायदा होता आणि पाश्चात्त्य हेवी मेटल प्रत्यक्ष ऐकायला मिळणे ही अपूर्वाई होती. पोलिश श्रोत्यांनी हे कधी विसरले नाही. १९८८ मध्ये मात्र बँड थांबला.

नेमक्या त्याच सुमारास त्यांची गाणी दुसऱ्यांच्या हातून जगभर फिरू लागली. सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात मेटॅलिकाचा बासवादक क्लिफ बर्टन गेला. नव्या वादकाला घेऊन त्यांनी पहिली तबकडी काढली ती १९८७ मध्ये, आणि तीही इतरांच्या गाण्यांची. त्यात बजीचे 'क्रॅश कोर्स इन ब्रेन सर्जरी' होते. पुढच्या वर्षी एका सिंगलच्या मागच्या बाजूला 'ब्रेडफॅन' आले. बसलेल्या धक्क्यातून सावरताना माणूस लहानपणीच्या ओळखीच्या गोष्टींकडे वळतो, तसेच हे मला वाटते. १९९२ मध्ये आयर्न मेडननेही बजीचे एक गाणे सिंगलच्या मागच्या बाजूला घेतले.

पुढे शेलीने बँड पुन्हा उभा केला. २०१० मध्ये पोलंडच्या दौऱ्यावर असतानाच महारोहिणीच्या विकाराने त्याला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेले. १० जानेवारी २०२२ रोजी, ७१ व्या वर्षी, तो कार्डिफमध्येच वारला. मृत्युलेखांच्या मथळ्यांत मेटॅलिकाचे नाव वाचून मला जरा राग आला. पण खरे सांगायचे तर माझीही वाट तिथूनच गेली होती.

ज्यांना कुतूहल असेल त्यांनी 'ब्रेडफॅन' दोनदा ऐकावे. आधी १९७३ चे, मग १९८८ चे. उलट क्रमाने ऐकू नये.