बोर्डिंगची फळी

ओझरच्या विमानतळावरून पहिल्यांदा प्रवासाला निघणाऱ्या पंचवटीतील माणसाला जे इंग्रजी शब्द आधी शिकून घ्यावे लागतात, त्यांतील पायलट, कॅप्टन, क्रू, केबिन आणि बोर्डिंग हे शब्द विमानाकडे जहाजावरून आले आहेत, तर एअरपोर्टमधील पोर्ट म्हणजे उघडच बंदर आहे. चेक-इन हॉटेलातून आले, टर्मिनल रेल्वेतून आले. या सर्वांमध्ये बोर्डिंग या शब्दाची कुळकथा नाशिककरांसाठी विशेष मोलाची आहे, कारण हा शब्द त्यांच्या शहरात प्रवासी विमानाच्या कितीतरी आधी पोहोचला होता आणि तोही अगदी वेगळ्या अर्थाने.

मराठीत बोर्डिंग म्हणजे विद्यार्थ्यांचे वसतिगृह. शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 1924 साली बोर्डिंग सुरू केले, आणि नाशिकचे उदोजी मराठा बोर्डिंग तर मराठा विद्या प्रसारक समाजाच्या इतिहासाचाच भाग आहे. खेड्यातून शिकायला आलेल्या मुलाच्या राहण्याजेवणाची सोय जेथे होते ते बोर्डिंग, हा अर्थ ग्रामीण महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांच्या जिभेवर इतका पक्का बसला की त्याच्या इंग्रजीपणाचा विसर पडला. त्यामुळे अशा घरातील माणसाच्या हाती बोर्डिंग पास पडतो, तेव्हा ओळखीचा शब्द त्याच्यासमोर अनोळखी कामाला लागलेला असतो.

दोन्ही बोर्डिंगांचा संबंध फळीशी आहे. प्राचीन इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे लाकडाची फळी. जेवणाचे मेज फळ्यांचे असल्यामुळे मेजाला बोर्ड म्हणू लागले, मेजावरून तो शब्द त्यावरील जेवणाकडे गेला आणि पैसे देऊन नियमित जेवणारा तो बोर्डर ठरला. दुसरीकडे जहाजाची बाजू, म्हणजे त्याची कड, हिलाही बोर्डच म्हणत असत. त्या बाजूला भिडून आत शिरणे हे बोर्डिंग होय, आणि आरंभी त्यात शत्रूच्या जहाजावर चढाई करण्याचा अर्थ ठळक होता.

येथे व्युत्पत्तिकारांचा एक जुना वाद उभा राहतो. एका मतानुसार फळी या अर्थाचा बोर्ड आणि कड या अर्थाचा बोर्ड हे प्राचीन जर्मानिक भाषांतील दोन निराळे शब्द होते, त्यांचे उच्चार जवळ आल्यामुळे ते एकमेकांत मिसळले, आणि सरहद्द या अर्थाचा बॉर्डर हा शब्द, जो फ्रेंचमधून इंग्रजीत परतला, तो दुसऱ्या शब्दाचा वंशज आहे. दुसरे मत दोघांना एकाच धातूची लेकरे मानते. पहिले मत मान्य केले, तरी जहाजाची कड फळ्या जोडूनच बनत असे, ती बांधणाऱ्या सुताराच्या हाताखाली फळी आणि कड ही एकच वस्तू होती, आणि बोलणाऱ्यांनी हजार वर्षे त्यांत भेद केलेला नाही. तेव्हा शब्द जन्माने दोन असले तरी नांदले ते एक होऊनच, आणि वसतिगृह व विमान यांची सोयरीक त्या नांदण्यावर टिकून आहे.

कड या अर्थाचा भौतिक पुरावा आजच्या विमानातही सापडतो. उत्तर युरोपातील जुन्या जहाजांचे सुकाणूचे वल्हे उजव्या बाजूस बांधलेले असे, म्हणून उजवी बाजू ‘स्टारबोर्ड’, म्हणजे सुकाणूची बाजू, ठरली. वल्हे धक्क्यावर आपटू नये म्हणून जहाज डाव्या अंगाने धक्क्याला लागे. डाव्या बाजूचे जुने नाव ‘लारबोर्ड’ हे आरोळीत ‘स्टारबोर्ड’सारखेच ऐकू येई, म्हणून ब्रिटिश नौदलाने 1844 साली ते टाकून ‘पोर्ट’ हे नाव पक्के केले. विमानाच्या डाव्या पंखावर लाल आणि उजव्या पंखावर हिरवा दिवा असतो तो जहाजाच्या नियमानेच, आणि प्रवासी आज डाव्या दारानेच चढतात. या शेवटच्या गोष्टीचे श्रेय काहीजण घोड्याला देतात: तलवार डाव्या कमरेला असल्यामुळे स्वार डावीकडून चढत असे, आणि आरंभीच्या वैमानिकांत घोडदळातले लोक होते. सैनिकी विमानाच्या बाबतीत हे पटण्यासारखे आहे, परंतु प्रवासी विमानाचा संसार कॅप्टनपासून केबिनपर्यंत जहाजाचा असताना एकटे दार घोड्याकडून आले असे मानणे कठीण आहे. मात्र जहाजाची परंपरा आरंभापासून अखंड चालत आली असेही म्हणता येत नाही, कारण 1930 च्या दशकातील डीसी-3 विमानांत दार उजवीकडे असलेलीही विमाने होती. डावी बाजू सार्वत्रिक झाली ती नंतर.

मग मराठीने आपले आकाशशब्द समुद्रावरून का घेतले नाहीत? आंग्र्यांच्या आरमाराची परंपरा असलेल्या भाषेत तांडेल, नाखवा, सुकाणू, बंदर हे शब्द तयार होते. यावर भाषाशुद्धीच्या चळवळीकडे बोट दाखवले जाते, कारण सुकाणू मूळ अरबी आणि बंदर मूळ फारसी आहे, आणि नाशिकजवळच्या भगूरचे सावरकर ती चळवळ चालवत होते. परंतु विमान हा शब्द चळवळीची वाट पाहत नव्हता. तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या कथेने तो घरोघर पोहोचवला होता आणि पुष्पकाने त्याच्याही आधी. पंचवटीत सीताहरण पुष्पकातून झाले अशी लोकसमजूत आहे, वाल्मीकींनी मात्र तेथे गाढवे जुंपलेला रथ सांगितला आहे, जो जटायूने मोडला. पुष्पक पंचवटीवरून गेले ते परतीच्या वाटेवर, जेव्हा रामाने सीतेला वरून गोदावरी आणि पर्णशाला दाखवली. इच्छेने चालणाऱ्या त्या विमानाला धक्का, कड, फळी यांपैकी कशाचीच गरज नव्हती. चालकासाठी घेतलेला वैमानिक हा शब्दही स्वर्गातलाच आहे: जैन परंपरेतील देवांच्या चार वर्गांपैकी एक वर्ग वैमानिकांचा आहे, आणि पंचवटीच्या उत्तरेस म्हसरूळजवळच्या गजपंथ तीर्थावर येणाऱ्या अभ्यासू यात्रेकरूला हा अर्थ परका नाही. याउलट पायलट हा शब्द इटालियनमधून मागे नेल्यास वल्हे या अर्थाच्या ग्रीक शब्दापाशी पोहोचतो.

यातून निघणारा तर्क असा की पुराणांनी मराठीला वाहन आणि वाहक यांची नावे दिली, पण धक्क्यावरच्या व्यवहाराची नावे त्यांच्यापाशी नव्हतीच, आणि ती रिकामी जागा इंग्रजीने भरली. तिकिटे इंग्रजीत छापली जात म्हणून शब्द इंग्रजी राहिले, हे सोपे उत्तर अपुरे पडते, कारण इंग्रजांनीच आणलेल्या रेल्वेच्या प्लॅटफॉर्मचा मराठीने फलाट केला. बोर्डिंग पासची तशी झीज झाली नाही, आणि त्याच्या जागी सुचणारा प्रवेशपत्र हा शब्द परीक्षेला बसणाऱ्यांनी आधीच आपलासा केलेला आहे.