बेने इस्राएलांचे कीर्तन आणि मलिदा : वारशाच्या सार्वजनिक जतनाचा एक अध्याय

इ. स. 1880 मध्ये मुंबईतील काही बेने इस्राएल मंडळींनी कीर्तनोत्तेजक मंडळ स्थापन केले. हरिदासी कीर्तनाचा साचा त्यांनी जसाच्या तसा उचलला. साकी, दिंडी, आर्या, ओव्या, पेटी, टाळ आणि मधूनमधून निरूपण, सारे तेच. आख्यान मात्र अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे; म्हणजे मुस्लिम वाचकांच्या परिचयाच्या हजरत इब्राहीम, हजरत यूसुफ आणि हजरत मूसा यांचे. यहुदी धर्मकथा मराठी चालींवर गायिली गेली आणि तिच्या छापील पुस्तिकाही निघाल्या. आपला वारसा जपण्यासाठी एखाद्या अल्पसंख्य समाजाने शेजाऱ्याचाच सभामंडप वापरावा, ही घटना महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात जितकी नोंदली जायला हवी होती तितकी नोंदली गेलेली नाही.

बेने इस्राएलांची परंपरा अशी की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले आणि सात जोडपी वाचली. या घटनेच्या काळाबाबत विद्वानांत एकमत नाही. पुढच्या पिढ्या कोकणातील खेड्यांत पसरल्या. किहीमचे किहीमकर झाले, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर. तेल गाळणे हा त्यांचा मुख्य धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. बोली मराठी, पेहराव मराठी. 1874 साली पुण्यात छापलेल्या हिब्रू-मराठी हग्गादात, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचावयाच्या पोथीत, बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया नऊवारी लुगड्यात दाखविल्या आहेत.

या समाजाच्या शब्दसंग्रहाकडे मुस्लिम अभ्यासकांचे लक्ष विशेष जावयास हवे. प्रार्थनागृहाला त्यांचा जुना शब्द ‘मशीद’. धर्मकृत्ये चालविणाऱ्या घराण्यांतील पुरुष ‘काजी’, जमातीचा प्रमुख ‘मुकादम’. मुंबईतील पहिले सिनेगॉग, शार हारहामीम, सामाजी हसाजी दिवेकर ऊर्फ सॅम्युअल इझिकेल यांनी 1796 मध्ये मांडवी भागात उभारले. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत आणि मस्जिद रेल्वे स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगितले जाते. सामाजी कंपनी सरकारच्या फौजेत होते. टिपू सुलतानाच्या कैदेत पडले असता त्यांनी आपली जमात ‘बेने इस्राएल’ अशी सांगितली, कुराणात बनी इस्राईलचा उल्लेख आहे हे सुलतानाच्या आईला आठवले आणि तिच्या रदबदलीने जीव वाचला, ही आख्यायिका त्या समाजात आजही सांगितली जाते. तिला कागदोपत्री आधार किती हा प्रश्न निराळा. एखादा समाज आपल्या पहिल्या प्रार्थनागृहाची कथा एका मुस्लिम मातेपासून सुरू करतो, याचे मोल इतिहासकाराने कमी लेखू नये.

मलिद्याचेही तसेच. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि वर फळे असे हे ताट लग्न, सुंता, नवे घर किंवा फेडलेला नवस या निमित्ताने मांडले जाते आणि एलियाहू हनाबीचे स्तवन होते. एलियाहू म्हणजेच हजरत इल्यास. अलिबागनजीक खंडाळे येथील खडकावर त्यांच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा असून त्या जागेला ‘एलियाहू हनाबीचा टापा’ म्हणतात. नियाज-फातेहाच्या मलिद्यात पोह्यांऐवजी कुस्करलेली पोळी असते, पण नाव एकच आणि तेही फार्सी. कोणी कोणाकडून घेतले हा वाद फारसा फलदायी नाही. खंडाळ्याचा मलिदा उघड्यावर, चालत्या रस्त्याच्या कडेला होत आला, हे अधिक महत्त्वाचे.

1948 नंतर या समाजाचा मोठा भाग इस्राएलमध्ये गेला. तेथे एक विपरीत अनुभव वाट्याला आला. कोकणात ज्यांना शनिवार पाळल्यामुळे वेगळे ओळखले जाई, त्यांच्या विवाहांच्या शुद्धतेबद्दल तेथील धर्मपीठाने शंका घेतली. 1964 च्या उन्हाळ्यात बेने इस्राएलांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. त्याच वर्षी संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. अशा समाजाने तेथे मराठी कार्यक्रम करणे ही केवळ हौस नव्हती. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघाले, महाराष्ट्र दिन साजरा होऊ लागला, 1996 मध्ये जागतिक मराठी परिषदेचे अधिवेशनही इस्राएलमध्ये भरले. भोपाळच्या अरेरा कॉलोनीत किंवा इंदुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला हे सांगावे लागणार नाही. परमुलुखात मुलांच्या कानावर घरची भाषा घराबाहेर पडते ती गणेशोत्सवात आणि मंडळाच्या नाटकात. बेने इस्राएलांच्या नातवंडांना तर ती लिपीही अनोळखी झाली आहे. कीर्तनातील पदे बऱ्याच अंशी वृद्ध स्त्रियांच्या कंठात राहिली.

इकडे भारतात काय घडत आहे? 2016 मध्ये महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. मुंबईच्या फोर्ट भागातील 1884 चे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग जीर्णोद्धारानंतर 2019 मध्ये पुन्हा खुले झाले आणि पाहुण्यांची वर्दळ सुरू झाली. हे स्वागतार्हच आहे. तथापि ही वास्तू ससून घराण्याची, म्हणजे अरबी बोलीच्या बगदादी यहुद्यांची देणगी. ज्यांच्याजवळ दगड आणि पैसा होता त्यांचा वारसा डोळ्यांना दिसतो. ज्यांच्याजवळ घाणा, पोहे आणि साक्या होत्या त्यांचा दिसत नाही. तो कोणीतरी म्हटल्यावाचून ऐकू येत नाही. बहुतेक वारसाफेऱ्यांत कमानी आणि रंगीत काचा यांचे वर्णन इंग्रजीतून होते, मराठीचा उल्लेख ओझरता येतो. शिवाय नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात नरिमन हाउस लक्ष्य झाल्यापासून सिनेगॉगच्या दारी पोलीस पहारा असतो. खुल्या अंगणातील समारंभ त्यामुळे अवघड झाला आहे.

तरीही एक अंगण उरले आहे, आणि ते शाळेचे आहे. 1875 मध्ये बेने इस्राएल मुलांसाठी सुरू झालेली शाळा पुढे माझगावचे सर एली कदूरी हायस्कूल झाली. भायखळ्याचे सर जेकब ससून हायस्कूलही यहुदी मुलांसाठीच निघाले होते. या दोन्ही शाळांतील बहुसंख्य विद्यार्थी गेली अनेक वर्षे मुस्लिम आहेत. 1880 च्या कीर्तनातील योसेफाचे आख्यान या मुलांपुढे सादर झाले, तर कथा त्यांना नवीन वाटणार नाही. नवीन वाटेल ती तिची मराठी चाल. रायगड जिल्ह्यातील महाविद्यालयांना याहून सोपे काम आहे. अलिबागच्या इस्राएल आळीच्या आसपास, रेवदंडा आणि पनवेल येथे मलिद्याचे ताट ज्यांच्या घरी शेजारधर्माने येत असे अशी मुस्लिम आणि कोळी कुटुंबे आहेत. त्यांच्यातील सत्तरी ओलांडलेल्यांच्या आठवणी अजून ध्वनिमुद्रित करता येतील.