कोरा ब्रेक

वरकुट्याकडचा रस्ता सपाट. घाट नाही, म्हणून ब्रेकची फिकीर नाही, असं वाटतं. मग ऊसतोड सुरू होते, उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर वळणावर समोर येतो आणि कळतं, उतार नसला तरी थांबावं लागतंच. डिस्क ब्रेकला कालच नवे पॅड घातले असतील, तर नेमकी तेव्हाच सायकल पुढे सरकते. पॅड खराब नसतात, कोरे असतात.

वडिलांच्या काळ्या सायकलने हे शिकवलं नव्हतं. तिच्या दांडीच्या ब्रेकचं रबर लोखंडी रिमवर दाबलं जायचं. नवं रबर पहिल्याच दिवशी कामाला लागायचं. तिचं दुखणं वेगळं होतं: पावसात रिम भिजली की ब्रेक नावापुरता.

चकती पकडून चाक थांबवायची कल्पना मात्र जुनी. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. धातूवर धातू घासून तो ब्रेक किंचाळायचा. तिथल्याच डर्बीशायरच्या डोंगराळ भागात गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट लावत. ते पाहून हर्बर्ट फ्रूडने १८९७ मध्ये ब्रेकच्या अस्तरांचा धंदा काढला. पुढे अस्तरात ॲस्बेस्टॉस आलं आणि फुप्फुसांना घातक ठरल्यावर अनेक देशांतून गेलं. १९५३ मध्ये ल मान्सची शर्यत डिस्क ब्रेकच्या जॅग्वारने जिंकली. रस्त्यावरच्या सायकल शर्यतींत डिस्कला पक्की मान्यता मिळायला २०१८ उजाडलं.

लँचेस्टरची चकती आणि फ्रूडचं अस्तर, दोन्ही लागतात. पण नुसती शेजारी बसवून भागत नाही. घर्षणाने तापलेल्या पॅडचा पातळ थर चकतीवर चढावा लागतो. मग पॅड त्या थराला धरतो. खरी पकड तिथे जन्मते.

म्हणून रिकामा, कोरडा रस्ता गाठा. चकतीला तेलकट बोट लावू नका. वेग घ्या, एकच ब्रेक हळूहळू घट्ट दाबत चालण्याच्या वेगावर या आणि सोडा. चाक अडकू देऊ नका. पूर्ण थांबूही नका. तापलेला पॅड एकाच जागी डाग पाडतो आणि नंतर ब्रेक थरथरतो. असं पंधरा-वीस वेळा करा. मग दुसरा ब्रेक.

दुकानात पॅड बसवून मिळतात. ब्रेक आपल्यालाच तयार करावा लागतो, ट्रॅक्टर समोर यायच्या आधी.