चाक, भट्टी आणि मोडलेली बंदूक: सेवाग्रामच्या देवीप्रसादांची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? बसमध्ये असाल तर खिडकीजवळची जागा पकडा, आज आपण नागपूरहून फार लांब जाणार नाही. पंच्याहत्तर किलोमीटर, बस्स.

पुण्या-मुंबईची गाडी धरली की नागपूर सोडल्यावर तासाभरात एक स्टेशन येतं, सेवाग्राम. कॉलेजच्या चार वर्षांत मी तिथून किती वेळा गेलो असेन, मोजलं नाही. माझ्या डोक्यात समीकरण पक्कं होतं: सेवाग्राम म्हणजे गांधीजी, बापू कुटी, शाळेची सहल, संपलं. तिथे भारतातल्या आधुनिक सिरॅमिक कलेतला एक मोठा माणूस अठरा वर्षं राहिला, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यांचं नाव देवीप्रसाद. जन्म 1921, डेहराडून. चित्रकला शिकायला ते शांतिनिकेतनला गेले. तिथे शिक्षक कोण? नंदलाल बोस, रामकिंकर बैज, बिनोदबिहारी मुखर्जी. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर ड्रीम टीमच. तिथे चित्र वरचं आणि हातकाम खालचं, अशी उतरंड मानत नसत. भिंत रंगवणं, कापड छापणं, नाटकाचं नेपथ्य करणं, सगळं कलेतच धरलं जायचं.

1944 साली देवीप्रसाद सेवाग्रामला आले, कलाशिक्षक म्हणून. इथे थोडं मागे जावं लागेल. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींचं म्हणणं होतं की मुलांनी नुसतं पुस्तकातून शिकू नये, हाताने काहीतरी बनवत शिकावं. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला, आणि सेवाग्रामला आर्यनायकम आणि आशादेवी यांनी तशी शाळा चालवून दाखवली. हीच नई तालीम. देवीप्रसाद त्या शाळेत आले, नंतर 'नई तालीम' मासिकाचं संपादनही त्यांनी केलं.

आणि तिथेच हा चित्रकार मातीत शिरला. चाक आलं, भट्टी आली. मुलं चित्रं काढत, माती मळत, आणि देवीप्रसाद ते सगळं बघून लिहून ठेवत. त्या अनुभवातून आलेलं त्यांचं 'शिक्षा का वाहन कला' हे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने काढलंय. मुद्दा सोपा आहे: मुलाला नमुन्याचं चित्र देऊन 'हे बघून काढ' म्हणू नका. कला हा आठवड्यातून एकदा येणारा तास नाही, सगळ्या शिकण्याचा पाया आहे. आठवा बरं आपली शाळा. दोन डोंगर, मधून सूर्य, एक नदी, एक झोपडी. चाळीस वह्यांत चाळीस सारखी चित्रं!

आता थोडं तंत्र, कारण त्याशिवाय गंमत कळायची नाही. आपला माठ कमी आचेवर भाजलेला असतो, साधारण हजार अंश सेल्सिअसच्या आत. म्हणून त्याच्या अंगाला बारीक छिद्रं राहतात, पाणी झिरपतं, वाफ होऊन उडतं आणि आतलं पाणी गार राहतं. नागपूरच्या पंचेचाळीस डिग्रीत आपण जगतो ते या छिद्रांच्या जोरावर, म्हणा ना! त्याच माठाला काचेसारखा झिलईचा लेप दिला तर तो दिसेल झकास, पण पाणी गार होणार नाही. स्टोनवेअरचं उलटं. वेगळी माती, बाराशे-तेराशे अंशांची भट्टी, माती दगडासारखी घट्ट होते आणि झिलई वितळून काच बनते. त्यात चहा प्या, लोणचं ठेवा, झिरपणार नाही. देवीप्रसाद पुढे या उच्च तापमानाच्या कामात मुरले. पण भांडं वापरायचं असतं, ही गोष्ट त्यांनी सोडली नाही.

मी स्वतः एकदा दोन दिवसांच्या वर्कशॉपला चाकावर बसलो होतो. रील बघून वाटतं, काय त्यात! मातीचा गोळा चाकाच्या मधोमध आणण्यातच माझा पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी एक वाटी उभी राहिली, आणि मी फोन काढेपर्यंत बसली. शेजारी शिकवणारे काका, पिढीजात कुंभार, हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "बापू, हात ओला आहे, पण मन कोरडं आहे तुमचं. घाई करता."

त्याच काकांनी नंतर चहा पिताना सांगितलं की त्यांचा मुलगा या धंद्यात नाही, आणि त्यांनाही तो नकोय. इथे मला या सगळ्या गोष्टीतला खरा काटा टोचला.

बघा ना. शांतिनिकेतनहून आलेला माणूस चाकावर बसला की तो कलावंत. कुंभाराच्या घरी जन्मलेला चाकावर बसला की तो कुंभार. एकाचं भांडं प्रदर्शनात, दुसऱ्याचं रस्त्याच्या कडेला, वर भावात घासाघीस. आणि तारखा जुळवून पाहिल्या तर अंगावर काटा येतो. 14 ऑक्टोबर 1956 ला आपल्या नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. जन्माने गळ्यात बांधलेली कामं टाकून द्या, हे त्यांच्या चळवळीचं कितीतरी आधीपासूनचं सांगणं. त्याच दिवसांत पंच्याहत्तर किलोमीटरवर देवीप्रसाद मुलांना हाताच्या कामातून शिकवत होते. एकीकडे 'हे काम सोडा', दुसरीकडे 'हे काम धरा'. मग बरोबर कोण?

मी बरेच दिवस यावर विचार केला. माझं उत्तर असं: भांडण मातीशी नाहीच. भांडण आहे ते कुणाला पर्याय होता आणि कुणाला नव्हता, याचं. देवीप्रसादांना पर्याय होता. शाळेत सगळ्याच घरांतली मुलं चाकावर बसली तर 'हे काम खालचं' ही समजूत मोडू शकते. पण कुंभाराच्याच पोराला पुन्हा चाकच दिलं आणि बाकीच्यांना डॉक्टर-इंजिनिअर केलं, तर ती जुनीच गोष्ट झाली. स्वातंत्र्यानंतर देशाने नई तालीम मनापासून धरली नाही, आणि तो प्रयोग आपण पुरता करून पाहिलाच नाही.

1962 साली देवीप्रसाद लंडनला गेले. भांडी विकायला नाही हं. 'वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल' या युद्धविरोधी संघटनेचे ते सरचिटणीस झाले. ही संघटना सुरू झाली 1921 मध्ये, हॉलंडमधल्या बिल्टहोवन गावी. म्हणजे देवीप्रसाद आणि ही संघटना एकाच वर्षी जन्मलेले! तिचं चिन्ह आहे दोन हातांनी मोडलेली बंदूक. 1968 मध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या, तेव्हा या संघटनेच्या लोकांनी थेट मॉस्को, वॉर्सा, बुडापेस्ट, सोफियात जाऊन निषेधाची पत्रकं वाटली. पुढे या चळवळीचा जाडजूड इतिहास देवीप्रसादांनीच लिहिला.

1983 ला ते भारतात परतले, दिल्लीत राहिले, भांडी घडवत राहिले. 2010 मध्ये दिल्लीच्या ललित कला अकादमीत त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं. 1 जून 2011 ला ते गेले.

आपल्या विदर्भात हा धागा एकट्या त्यांच्यावर थांबत नाही. चंद्रपूरच्या वाटेवर भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभा केला, तिथे कुंभारांना सुधारित भट्टी, झिलई, नवी मातीकामं शिकवली गेली. तिथे नजर कुंभाराच्या मिळकतीवर होती. काकांचा काटा काढायचा तर दोन्ही लागेल, सेवाग्रामची शाळाही आणि भद्रावतीची भट्टीही.

तर मंडळी, या उन्हाळ्यात माठ घ्याल तेव्हा एक करा. भाव करण्याआधी विचारा, माती कुठली, भट्टी कुठे लावता? गणपतीच्या दिवसांत महालातल्या चितारओळीत गेलात तर तिथेही विचारा. आणि पुढच्या वेळी गाडी सेवाग्रामला थांबली, की फोन दोन मिनिटं खाली ठेवा.

माझी ती बसलेली वाटी अजून टेबलावर आहे. कच्चीच आहे, पाणी घातलं तर विरघळेल. राहू दे म्हटलं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, पाणी प्या. माठातलं!