जिनिंगमधल्या जिनाचं कूळ

कापूस वेचून घरात आला की झरी जामणीकडचा शेतकरी विचारणार एकच: मुकुटबनात काय भाव, वणीत काय, पांढरकवड्याच्या जिनिंगवर काय? जिनिंगमध्ये सरकी निघते, रुई उरते, तिच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात. ‘जिन’ हा शब्द परका आहे, असं इथे कुणाच्या मनातही येत नाही.

त्याचं मूळ लॅटिन ‘इंगेनियम’, म्हणजे उपजत बुद्धी. फ्रेंचांच्या तोंडी बुद्धीचा अर्थ बुद्धीतून निघालेल्या युक्तीकडे, मग यंत्राकडे सरकला. इंग्रजांनी ‘एंजिन’ घेतलं आणि बोलता बोलता शब्दाचा सुरुवातीचा तुकडा गिळला. मग ससे धरायचा फास जिन, ओझं उचलायचं यंत्रही जिन. एली व्हिटनीने १७९३ मध्ये अमेरिकेत सरकी वेगळी करणारं दातेरी यंत्र बनवलं, तेही जिनच.

अक्कल मात्र तिकडून आयात झाली नाही. अजिंठ्याच्या चित्रांत लाटणीने सरकी काढण्याचं काम दाखवलं आहे. पुढे दोन लाटांचा म्हणजे रुळांचा, हाताने फिरवायचा रेचा आला. वऱ्हाडात वाफेवरचे जिन वाढले ते अमेरिकन यादवीने (१८६१–६५) इंग्रज गिरण्यांची नजर इकडच्या कापसाकडे वळवल्यानंतर. व्हिटनीचे दाते आपल्याकडे फारसे रुजले नाहीत. त्यांनी धागा तुटतो. इथे चालले ते लाटांचे जिन.

दारूची जिन या घराण्यातली नाही. ती जुनिपरच्या फळांवरून, डच ‘येनेव्हर’मधून आली, आडनाव एक, गाव वेगळं. दिव्यातला जिन्न अरबी. पण अरबी कथा फ्रेंचमध्ये आणणाऱ्यांनी त्याला ‘जेनी’ म्हटलं, ते लॅटिन ‘जिनियस’वरून. जिनियस आणि इंगेनियम एकाच धातूचे. म्हणजे इंग्रजीतला ‘जिनी’ या घरात दत्तक आलेला.

आणि तो धातू आपल्या ‘जन्’चा सख्खा. ग्रीक ‘गेनोस’ही त्याच कुळातला, त्यावरून डॅनिश शास्त्रज्ञ योहानसेन यांनी १९०९ मध्ये ‘जीन’ हा शब्द घडवला. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला भारतात परवानगी मिळाली, तेव्हा मातीतल्या एका जिवाणूचा जीन आपल्या वाणात आला. गुलाबी बोंडअळी पुढे त्यालाही दाद देईना, ते दुखणं वेगळं. पण जीन आणि जिन या दूरच्या भावांची गाठ पडते ती जिनिंगमध्येच. रुई गाठीत जाते, जीन सरकीत मागे राहतो. सरकी तेलाला जाते आणि ढेप गुरांना.