पत, नकाशा आणि तीन विरुद्ध तीन मते

मराठीत ‘पत’ हा शब्द प्रतिष्ठेसाठी येतो, तसाच कर्ज मिळण्याच्या पात्रतेसाठीही येतो. ही पत नेमके कोण ठरवते? या प्रश्नाचा अमेरिकेतील इतिहास बँकांच्या विलीनीकरणांत गुंतलेला आहे. साहित्याच्या अभ्यासकानेही तो पाहावा, कारण कागद कसा वाचायचा, हाच त्यातला खरा वाद आहे.

पहिला कागद नकाशाचा. १९३३ साली स्थापन झालेल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे करवून घेतले. हिरवा, निळा, पिवळा आणि तांबडा अशी उतरती श्रेणी होती. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतांशी तांबड्या रंगात गेल्या. पुढील सर्व अन्यायाचे मूळ या नकाशांतच शोधण्याची प्रथा होती. नंतरच्या संशोधकांनी ती तपासून पाहिली. नकाशे खासगी बँकांपर्यंत फारसे पोहोचले नव्हते. १९३४ च्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचे कर्जहमीचे नियम अधिक परिणामकारक ठरले, असे त्यांना दिसले. ‘रेडलायनिंग’ हा शब्द मात्र रूढ झाला तो कायमचाच.

शिकागोच्या गेल सिन्कोटा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या चळवळीतून दोन कायदे झाले. १९७५ च्या कायद्याने गृहकर्जे कोणत्या भागात दिली, हे उघड करणे बँकांवर बंधनकारक झाले. १९७७ च्या कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट अ‍ॅक्टने ज्या परिसरातून ठेवी घ्यायच्या त्याच्या कर्जाच्या गरजा भागविण्याची जबाबदारी बँकांवर टाकली. या दुसऱ्या कायद्यात दंडाची तरतूद नव्हती. बँक विस्तारासाठी वा विलीनीकरणासाठी अर्ज करील, तेव्हाच नियामकाने तिची कामगिरी विचारात घ्यायची होती. म्हणजे कायद्याचा सारा जोर अर्जाच्या त्या एका क्षणावर एकवटला होता. फेडरल रिझर्व्हने या आधारावर पहिला नकार दिला तो १९८९ मध्ये, कायदा होऊन बारा वर्षांनी.

१९९२ साली बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्जदारांची आर्थिक स्थिती सारखी धरली, तरी गोऱ्यांना नकाराचे प्रमाण ११ टक्के, तर कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक अर्जदारांना १७ टक्के होते. आकडेवारीवर पुष्कळ वाद झाला. पण त्यातले एक निरीक्षण विसरता येत नाही: निर्दोष अर्ज थोडेच असतात; भेद होतो तो कोणाचा दोष पोटात घालायचा, इथे.

याच पार्श्वभूमीवर शॉमट नॅशनल कॉर्पोरेशनचा अर्ज आला. शॉमट हे बॉस्टनच्या भूमीचे मूळ रहिवाशांच्या भाषेतील नाव. विस्थापितांचे नाव मिरविणाऱ्या या बँकेला न्यू डार्टमथ बँक ताब्यात घ्यायची होती. नोव्हेंबर १९९३ मध्ये फेडरल रिझर्व्हच्या मंडळात मते पडली तीन विरुद्ध तीन. बहुमत नाही, म्हणून परवानगीही नाही. डिसेंबरमध्ये तिच्या गृहकर्ज कंपनीने सरकारशी तडजोड केली आणि नाकारलेल्या अर्जदारांच्या भरपाईसाठी किमान ९ लाख ६० हजार डॉलर ठेवले. पुढे परवानगीही मिळाली.

१९९५ मध्ये शॉमट फ्लीटमध्ये विलीन झाली आणि २००४ मध्ये फ्लीट बँक ऑफ अमेरिकेत. त्या वेळी बँक ऑफ अमेरिकेने दहा वर्षांत ७५० अब्ज डॉलर सामुदायिक विकासासाठी देण्याचे जाहीर केले. १९९८ च्या विलीनीकरणाच्या वेळी हाच आकडा ३५० अब्ज होता. परवानगीच्या दारात आश्वासन द्यायचे, हा आता रिवाजच झाला होता.

याच बँकेने २००८ मध्ये कंट्रीवाइड ही गृहकर्ज कंपनी घेतली. २०११ मध्ये कंट्रीवाइडच्या २००४ ते २००८ या काळातील व्यवहारांबद्दल ३३.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक कर्जदारांकडून अधिक शुल्क वा व्याज घेतल्याचा, किंवा पात्र असूनही त्यांतील काहींना सबप्राइम कर्जांकडे वळविल्याचा सरकारचा आरोप होता. येथे तक्रार नकाराची नव्हती. होकाराच्या किमतीची होती.

नकाशावरची तांबडी रेघ डोळ्यांना दिसते, नाकारलेला अर्जही मोजता येतो. महाग होकार मात्र मंजूर झालेल्या अर्जांच्या ढिगात मिसळून जातो. कर्जाच्या किमतीची काही माहिती १९७५ च्या कायद्याखाली गोळा होऊ लागली तीच मुळी २००४ पासून. नियामकाने कागद वाचला नाही, असे म्हणता येणार नाही. जो रकाना कागदावर नव्हताच, तो त्याला वाचता आला नाही. पत ठरविणाऱ्याची पत तपासायची, तर आधी तो रकाना कोणीतरी आखावा लागतो.